आईंची चंद्रकळा बोटीवर

येवला, निघायच्या पाच आठवडे आधी

तिकिटांबरोबर आलेल्या पत्रकात एक ओळ होती आणि महिनाभर आमच्या घरात तीच ओळ फिरत होती. बार्सिलोनाहून निघून सात रात्रींनी परत बार्सिलोनालाच आणून सोडणारी बोट. त्यातल्या दुसऱ्या आणि सहाव्या रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये ‘फॉर्मल नाइट’. पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी इव्हनिंग गाऊन किंवा कॉकटेल ड्रेस. आम्ही जाणार चौघं: हे, मी, लेक आणि माझ्या सासूबाई. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मी सून म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या घरात आले तेव्हापासून त्यांना नऊवारीशिवाय दुसऱ्या कशात पाहिलेलं नाही.

ज्यांच्याकडे बुकिंग केलं ते म्हणाले, “साडीचं नक्की सांगता येत नाही मॅडम. आजींना एक पँटसूट घेऊन टाका, दोनच रात्रींचा प्रश्न आहे.” आणि मी खरंच कॉलेज रोडवरच्या दोन दुकानांत जाऊन पँटसूट बघून आले. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि “बघू” एवढंच म्हणाल्या. त्या ‘बघू’चा अर्थ मला सत्तावीस वर्षांत पुरता कळलेला आहे.

लेकीने मग सरळ क्रूझ कंपनीलाच ईमेल टाकला. दोन दिवसांत उत्तर आलं: कुठल्याही देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाख फॉर्मल रात्री चालतो, गाऊनची किंवा टायची सक्ती नाही. हा ईमेल पहिल्याच दिवशी टाकायला हवा होता. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. कुनार्डसारख्या ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर गाला, म्हणजे फॉर्मल, संध्याकाळ फार मानतात, पण राष्ट्रीय पोशाखाला तिथेही मान आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर तर फॉर्मल रात्रीची सक्तीच नाही. तेव्हा मधल्या माणसाच्या ‘बहुतेक’वर जाऊ नये, आपल्या बोटीचं काय ते लेखी मागवावं.

“सगळे काळं घालतात म्हणे तिथे?” आईंनी नातीला विचारलं.

“हो आजी. ब्लॅक टाय म्हणतात त्याला.”

“मग माझी चंद्रकळा आहे की.”

आईंचं माहेर येवल्याचं. १९६९ च्या जानेवारीत, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माहेरहून आलेली ही काळी, लाल काठाची पैठणी. हलव्याचे दागिने घालून त्या साडीत काढलेला त्यांचा फोटो आमच्या देवघराच्या बाहेर आहे. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, आणि त्या वर्षी आपण माहेरच्या गच्चीवर याच साडीत भावाची आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरून उभ्या होतो, असं त्या सांगतात. पुढे ती साडी वर्षातून एकदा नेसली गेली आणि मग दहाएक वर्षं नुसतीच मलमलच्या फडक्यात राहिली.

म्हणून येवल्याला गेलो. नाशिकहून ८० किलोमीटरच्या आसपास. निफाडजवळ रस्त्याकडेला द्राक्षांच्या बागा संपत आलेल्या. आईंच्या भाच्याच्या ओळखीने एका मागावर गेलो. विणकराने साडी उलगडली आणि बोलायच्या आधी उलटी करून पाहिली. हातमागाच्या पैठणीची ती खूण. पदरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने, बाजूच्या रंगात अडकवत विणलेला असतो, त्यामुळे मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो. यंत्रमागाच्या साडीला मागून धागे लोंबतात. मग त्याने दोन जागा बोटाने दाखवल्या. घडी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पडल्याने तिथली जर चिरली होती.

“रफू होईल. पण इस्त्री थेट लावू नका. आणि अत्तर, स्प्रे काही मारलं तर आधी मारा, साडी मागून नेसा. जर काळी पडते.”

मी माझ्यासाठी त्याच्याकडूनच एक डाळिंबी सहावारी घेतली, मुनिया काठाची. तो मोह मला आवरला नाही आणि आवरावा असं वाटलंही नाही.

नाशिक, दोन आठवडे आधी

ह्यांच्या कपड्यांचा निकाल मेन रोडच्या आमच्या जुन्या शिंप्यांनी लावला. हे टक्सिडो भाड्याने घ्यायच्या विचारात होते. काही बोटींवर तो आधी सांगून भाड्याने मिळतो. शिंपी म्हणाले, “साहेब, भाड्याचा कोट खांद्यावर कधी बसत नाही. काळा बंदगळा शिवू. टायची भानगड नाही, लग्नाकार्यातही चालेल.” टेरीवूलचं काळं कापड, त्याच रंगाची बटणं, आत कॅनव्हास. तीनदा ट्रायल दिली तेव्हा कॉलर गळ्याला बोचायची थांबली. बंदगळ्यात जेवायचं असतं, नुसतं उभं राहून फोटो काढायचा नसतो, म्हणून ट्रायलच्या वेळी खुर्चीवर बसून घास घेतल्यासारखं वाकून बघावं. हे शिंप्यांनीच करायला लावलं.

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे या टक्सिडोचा माग काढल्याशिवाय राहवलं नाही. १८६५ मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंपी कंपनीने इंग्लंडच्या युवराजासाठी (पुढे तो सातवा एडवर्ड झाला) घरगुती जेवणाला घालायला आखूड कोट शिवला. १८८६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधल्या क्लबात पोहोचला आणि अमेरिकेत त्याला त्या गावाचं नाव चिकटलं. त्यावर कमरेला जो रुंद पट्टा बांधतात, तो ‘कमरबंड’ म्हणजे आपला कमरबंद. हिंदुस्थानच्या उकाड्यात जाकिटाला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो इथे उचलला आणि घरी नेला. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे आपलंच बांधून ते आपल्याला विचारणार, चालेल का म्हणून?”

बॅगांबद्दल थोडं लिहिते, कारण तिथेच खरं चुकतं. फॉर्मल कपडे चेक-इनच्या बॅगेत टाकायचे नाहीत. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची बॅग विमानातून तीन दिवस उशिरा आली. तोवर बोट दोन बंदरं पुढे गेली होती आणि पहिली फॉर्मल रात्र उलटली होती. आम्ही दोन्ही पैठण्या, बंदगळा आणि लेकीचा काळा लांब ड्रेस हातातल्या बॅगेत घेतले. पैठणीची घडी न घालता जुन्या सुती साडीबरोबर तिची सैलसर गुंडाळी केली, म्हणजे जरीवर चुणी पडत नाही. ब्लाउजं, परकर, पिना, फॉल्सपासून मॅचिंग दोऱ्यापर्यंत सगळं एका कापडी पिशवीत, आणि ती पिशवीही त्याच बॅगेत. ब्लाउज राहिलं तर साडी असून नसल्यासारखीच.

आणि मी मोठ्या बॅगेत प्रवासाची छोटी इस्त्री टाकली.

पहिला दिवस, बार्सिलोना

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दारात येतात. म्हणून पहिल्या रात्री सहसा फॉर्मल कपड्यांचा आग्रह नसतो. कित्येकांच्या बॅगाच पोहोचलेल्या नसतात. पुरुषांना फुल पँट आणि शर्ट, स्त्रियांना रोजची साडी किंवा ड्रेस. आमच्या बोटीवर जेवणाच्या हॉलमध्ये हाफ पँट आणि रबरी स्लिपर मात्र कुठल्याच रात्री नको म्हणतात.

तीन बॅगा आल्या, चौथी आली नाही. तिच्याऐवजी एक चिठ्ठी आली: सुरक्षा विभागात येऊन भेटा. इस्त्री. बोटीवर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, म्हणून तापणारी वस्तू खोलीत ठेवू देत नाहीत. कपड्यांना वाफ देणारं स्टीमरही नाही. काही बोटींवर धुण्याच्या खोलीत इस्त्री ठेवलेली असते, आमच्या बोटीवर तशी खोली नव्हती. अधिकाऱ्याने अदबीने इस्त्री ठेवून घेतली, पावती दिली आणि शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाला. नियम कंपनीच्या यादीत स्पष्ट लिहिला होता, मी तो वाचला नव्हता. बंदगळ्याला पाठीवर दोन आडव्या चुण्या पडल्या होत्या आणि उद्याच पहिली फॉर्मल रात्र.

लाँड्रीत दाबून मिळतं, पण पैसे डॉलरमध्ये. आई म्हणाल्या, “आण इकडे. आमच्या लहानपणी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे, आणि निखारे नसले तर गादी होतीच.” पँट नीट शिवणीवर शिवण ठेवून त्यांनी गादीखाली घातली. कोट न्हाणीघरात हँगरला लावून आम्ही दहा मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडला आणि वाफेने पाठ सैल झाल्यावर हाताने ओढून घेतली. पैठण्यांना मात्र वाफेजवळ नेलं नाही. त्या गुंडाळीतून सोडून कपाटाच्या दांडीवर मलमल टाकून पसरल्या. बोटीच्या खोलीच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यावर लोहचुंबकाचे हुक चिकटतात. लेकीने सहा हुक आणले होते आणि त्या चिमुकल्या खोलीत ते फार उपयोगी पडले.

संध्याकाळी आईंना घेऊन जेवणाचा हॉल नुसता दाखवायला गेले. तीन मजले उंच, मध्ये झुंबर, गोल जिना, जिन्याशी फोटो काढणारे. त्या बराच वेळ कठड्याशी उभ्या राहिल्या.

दुसरा दिवस, पाल्मा

पाल्माचं कॅथेड्रल समुद्रावरूनच दिसतं, तांबूस दगडाचं, किल्ल्यासारखं. ते बघून दुपारी परतलो. दारात दुसऱ्या दिवसाचं पत्रक यायचं त्यात पोशाखाची एक ओळ असे. त्या दिवशी ‘फॉर्मल’.

पाच वाजता मी आईंची चंद्रकळा काढायला गेले तर त्या खिडकीपाशी बसलेल्या.

“मी वरती जाते गं, त्या अकराव्या मजल्यावर. तिथे साधं चालतं ना?”

चालतं. फॉर्मल रात्री वरचं बुफे उघडं असतं आणि तिथे रोजच्या कपड्यांत जेवता येतं, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. कुणी उपाशी राहत नाही. पण त्या त्यासाठी म्हणत नव्हत्या.

“परवानगी आहे आई. लेखी आहे.”

“परवानगीचं नाही. काल तो जिना बघितला ना. सगळ्या बायका कशा लांब झग्यांत. मी एकटीच कासोट्यात. तुमची पंचाईत नको.”

मला त्या पँटसूटच्या दुकानांची आठवण झाली. ज्या घरात सुनेनेच आधी शंका घेतली, तिथे परक्यांच्या पंगतीत त्यांना धीर कुठून यावा? मी जास्त बोलले नाही. हे म्हणाले, “मी जातो आईबरोबर,” आणि नवा बंदगळा अंगात घालूनच वर गेले. मी आणि लेक खाली.

हॉल म्हणजे काळ्या कोटांची रांग असेल असं वाटलं होतं, तसं नव्हतं. टक्सिडो मोजकेच, बाकी गडद सूट, काही तर नुसता ब्लेझर. बायकांच्यात टाचेपर्यंतच्या गाऊनपेक्षा गुडघ्याखालचे साधे ड्रेस जास्त. एक आफ्रिकी कुटुंब डोक्याच्या भल्यामोठ्या बांधणीसकट निळ्या पोशाखात आलेलं. माझ्या डाळिंबी पैठणीकडे दोघीतिघींनी वळून पाहिलं, त्यापलीकडे काही नाही. थंडी मात्र खूप. एसी असा की उघड्या खांद्याच्या बायका नॅपकिन पांघरू लागल्या. मला पदर होता आणि वर पश्मिन्याची शाल. शाकाहारी जेवणाचं आधीच कळवलं होतं. काटे-चमच्यांच्या रांगेला घाबरायचं कारण नाही, बाहेरून आत येत जायचं.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, वरून आखूड काळा कोट, खाली किल्ट, म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाचा गुडघ्याएवढा घागरा. स्कॉटलंडचे. पुढे केसाळ कातड्याची पिशवी, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. लेकीने धीर करून विचारलं, याला कापड किती लागतं? ते म्हणाले, पूर्ण औपचारिक किल्टला आठ वार.

खोलीवर येऊन आधी हेच आईंना सांगितलं.

“आठ वार? पुरुषाला?” त्या उठून बसल्या. “निऱ्या पुढे घालतो की मागे?”

“मागे. पुढून सपाट.”

“शिवलेल्या असतील.”

“विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतं,” आई म्हणाल्या.

तिसरा दिवस, मार्सेल

जुन्या बंदरावर मासळीबाजार, वर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द. आई बोटीवरच थांबल्या. इथून फार लांब नाही ते नीम गाव, ज्याच्या कापडावरून ‘डेनिम’ आलं. आणि पुढच्या किनाऱ्यावरच्या जेनोआवरून ‘जीन्स’. डंगरी तर आपल्या मुंबईच्या डोंगरीची. फॉर्मल रात्री जी कापडं चालत नाहीत, त्यांतल्या कित्येकांचं मूळ कष्टकऱ्यांच्या कपड्यांत आहे, हे मला त्या बाजारात उभं राहून जाणवलं. जून महिन्यात शाळा उघडली की मुलांना सांगायचं ठरवून वहीत लिहून ठेवलं.

चौथा दिवस, ला स्पेझिया

बसने पिसा. मनोरा बघितला, पाय दुखले, लवकर झोपलो.

पाचवा दिवस, रोम

बंदर चिविताव्हेक्कियाचं. तिथून रोम ८० किलोमीटर, म्हणजे आम्हाला नाशिक-येवला. आज आई आल्या. सेंट पीटर्सच्या दारात खरी पोशाखाची तपासणी होते, बोटीवर होत नाही अशी: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्या पुढच्या दोन मुलींना बिनबाह्यांच्या कपड्यांमुळे अडवलं, त्यांनी रस्त्यावरून ओढण्या विकत घेतल्या. लेकीने माझा स्टोल गुंडाळला. आईंच्या सुती नऊवारीकडे रखवालदाराने एकदा बघितलं आणि हात पुढे करून वाट दाखवली.

आत त्या बराच वेळ खांबाशी टेकून बसल्या होत्या. परतीच्या गाडीत झोपल्यात असं वाटलं, तेवढ्यात डोळे मिटूनच म्हणाल्या, “उद्या ना ती दुसरी रात्र?”

सहावा दिवस, नेपल्स

नेपल्स शिंप्यांचं गाव. इथला कोट खांद्यावर मऊ असतो, आत जाड भरण जवळजवळ नाही, आणि बाही सदऱ्याच्या बाहीसारखी बारीक चुण्या देऊन जोडतात. हे काचेला नाक लावून बघत राहिले. किआया भागात मारिनेल्ला या टाय करणाऱ्यांचं १९१४ पासूनचं दुकान आहे, आपल्या मेन रोडवरच्या गाळ्याएवढंच लहान. ह्यांनी टाय घेतला नाही, बंदगळ्याला नको म्हणून, पण दुकान मन लावून पाहिलं आणि शिंप्यांना दाखवायला त्या बाहीचा फोटो काढला.

चारलाच बोटीवर परतलो. नऊवारी नेसायला वेळ लागतो आणि आईंना घाई केलेली चालत नाही.

त्यांनी सगळं स्वतः केलं. माझं काम फक्त आरशासमोरची जागा मोकळी ठेवायची. अरुंद खोलीत नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, फिरवायला जागा नव्हती, म्हणून हे आणि लेक बाहेर लॉबीत उभे राहिले आणि साडीचं एक टोक मी पलंगावर चढून धरलं. निऱ्या, ओचा, मग कासोटा ओढून मागे खोचला. रफूच्या जागा त्यांनी आठवणीने आतल्या बाजूला घेतल्या. नथ घालावी की नको यावर थोडा वेळ गेला, घातली. पायात मागे पट्टा असलेले सपाट सँडल. मी आधी पावडर-अत्तर केलं होतं, नंतर साडी, विणकराने सांगितलं तसंच.

बोट निघाली होती आणि त्या संध्याकाळी समुद्र जरा खवळलेला होता. जिन्यावर उंच टाचांच्या बायका कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. लेकीने शेवटी सँडल हातात घेतले. आईंचा एक हात ह्यांच्या दंडावर होता तेवढाच. कासोट्यात पाय मोकळा पडतो, घोट्याशी काही अडकत नाही. लांब कपड्यांत जिना उतरायचा असेल तर टाच बुटकी ठेवा आणि कपड्याची उंची त्याच चपला घालून मापा, हे मी घरी बसून लिहू शकले नसते.

शेजारचं टेबल भरलेलं होतं. ते गृहस्थ उठून उभे राहिले. आईंनी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच नातीला म्हणाल्या, “विचार. निऱ्या शिवलेल्या का?”

शिवलेल्याच होत्या. त्यांनी पाठ वळवून दाखवलं, चौकटीची रेघ दर चुणीला बरोबर त्याच जागी येईल असं मोजून शिवलेलं काम. ही चौकट त्यांच्या घराण्याची, असं ते म्हणाले. आईंनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं, लोकर चांगली आहे म्हणाल्या. मग त्यांनी सांगायला लावलं, की माझे नऊ वार आहेत आणि त्यात एकही टाका नाही.

त्यांच्या बायकोला हे पटेना. जेवण थांबवून बाई आईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आईंनी पदर बाजूला धरला आणि कासोटा कुठून कुठे जातो ते हाताने दाखवलं. भाषेची गरज पडली नाही, दोघींची बोटं एका घडीवरून दुसऱ्या घडीवर सरकत होती. मग बाईंनी पदर उलटा केला आणि तशाच थांबल्या, कारण मोर उलट्या बाजूनेही तसाच होता. आईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. “येवला,” म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा सावकाश, “ये-व-ला.”

त्या गृहस्थांनी सांगितलं की किल्टबरोबर मोज्यात एक छोटी सुरी खोचायची रीत आहे, पण ती बोटीवर आणू देत नाहीत म्हणून घरी ठेवावी लागली. लेकीने आमच्या इस्त्रीची गोष्ट सांगितली.

कप्तानाने हॉलमध्ये येऊन दोन शब्द बोलून पेला उंचावला. आईंनी लिंबाचं सरबत उंचावलं. नंतर जिन्यावर फोटो काढायला रांग होती. आई कुणी न सांगता रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि “ह्यालाही बोलाव” म्हणून ह्यांना खूण केली. फोटोत मायलेक दोघंही काळ्यात. बंदगळ्याच्या पाठीवर चुणी नाही.

सातवा दिवस, समुद्रावर

शेवटची रात्र सहसा फॉर्मल नसते, त्याचं कारण आज कळलं. रात्रीच मोठ्या बॅगा भरून दाराबाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून जेवायला सगळे सकाळच्याच कपड्यांत. पोशाखांची शेवटची आवराआवर मात्र दिवसभर चालली. बंदगळा पुन्हा हँगरला. लेकीच्या ड्रेसवर सॉस पडला होता, तो गार पाण्याने टिपून काढला.

चंद्रकळा रात्रभर मलमलवर मोकळी पसरून ठेवली होती, घामाची ओल जायला. समुद्राची खारी हवा जरीला चांगली नाही, म्हणून बाल्कनीत नेली नाही. दुपारी आईंनी नातीला समोर बसवलं.

“ही जुनी घडी दिसते? इथे चिरली ना जर? आता या रेघेवर नाही पाडायची. चार बोटं सोडून.”

“किती वर्षांनी बदलायची आजी?”

“वर्षांनी नाही गं. दर वेळी. संक्रांतीला काढलीस की घालताना निराळी घाल.”

लेकीने पहिली घडी चुकवली, आईंनी उलगडून पुन्हा घालायला लावली. तिसऱ्या वेळेला जमली. मध्ये मलमल, जरीला जर लागणार नाही अशी. मग ती साडी हातातल्या बॅगेत गेली, सगळ्यात वर.

डेकवर ते स्कॉटिश गृहस्थ हाफ पँट घालून वाचत बसले होते. आईंनी त्यांना आधी ओळखलंच नाही.

आठवा दिवस, बार्सिलोना

नाश्ता करून उतरण्याआधी सुरक्षा विभागाच्या टेबलापाशी रांगेत उभं राहून पावती दाखवली. आमच्या पुढे चौघं होते, सगळ्यांच्या इस्त्र्याच. आपली परत घेतली. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकला पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आईंनी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि झोपायच्या आधी चंद्रकळा बॅगेतून काढून कपाटात ठेवली.